बाई, एक विचारू? : ‘कितीला लागते?’

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा ओझरता उल्लेख केला आणि महिनाभर टपाल नुसतं त्याच विषयाचं आलं. पोस्टमनसुद्धा विचारून गेला, “बाई, कसली जाहिरात दिलीय का?” पत्रं वेगवेगळ्या गावांची, पण शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी तीच: कितीला लागते? म्हणजे किती गुणांना शिष्यवृत्ती मिळते?

मी एकतीस वर्षं भुदरगड तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवलं. त्यातली शेवटची बारा वर्षं आठवीचा शिष्यवृत्तीचा जादा तास माझ्याकडे होता. सकाळी साडेनऊला, शाळा भरायच्या आधी, पंख्याशिवायच्या खोलीत. तेव्हा पुस्तकातलं कमी आणि त्या खोलीतलं जास्त असं हे उत्तर आहे.

ज्यांच्या घरी आठवीतलं मूल नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एनएमएमएस ही आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. परीक्षा आठवीत, आपल्याकडे ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) हवेत. लागली तर नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. पेपर दोन: बौद्धिक क्षमता चाचणी ९० गुण आणि शालेय क्षमता चाचणी ९० गुण. प्रत्येकाला ९० मिनिटं.

आता पत्रं.

माझी मुलगी अनुदानित शाळेत आठवीत आहे. मिस्टर डाळिंबाच्या बागेवर कामाला जातात, मी शिवणकाम करते. मुलीला घरी सोडवलेल्या सराव पेपरांत १८० पैकी ११२, ११८, एकदा १२५ पडले. शाळेतल्या मॅडम म्हणतात नक्की लागेल. क्लासवाले म्हणतात १३० शिवाय नाव काढू नका. तिचा चान्स किती, स्पष्ट सांगा. बारा हजार आम्हाला थोडे नाहीत.
*– एक आई, सांगोला*

ताई, तुमच्या मॅडम आणि क्लासवाले, दोघांचंही खरं ठरू शकतं. कारण ‘इतक्या गुणांना लागते’ असा आकडा परीक्षेच्या आधी कुठेच लिहून ठेवलेला नसतो. तो निकालानंतर तयार होतो.

कसा ते सांगते. देशभरात मिळून दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या. त्यातल्या महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. हा कोटा पुढे जिल्ह्यांना वाटून दिला जातो, जिल्ह्यातल्या मुलांच्या संख्येच्या हिशेबानं. जिल्ह्यात आला की प्रवर्गांत वाटला जातो. मग त्या त्या खणात सगळ्यांत जास्त गुणांपासून खाली उतरत येतात आणि जागा संपल्या की थांबतात. जिथं थांबले तो त्या वर्षाचा, त्या जिल्ह्याचा, त्या प्रवर्गाचा आकडा. म्हणजे तुमच्या मुलीची शर्यत नागपूरच्या मुलाशी नाहीच. ती सोलापूर जिल्ह्यातल्या, तिच्याच प्रवर्गातल्या मुलांशी आहे. क्लासवाल्यांचे १३० कुठल्या जिल्ह्याचे, कुठल्या प्रवर्गाचे आणि कोणत्या साली, एवढं त्यांना विचारून बघा. बहुतेक तिथंच गाडी अडेल.

४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण ही वेगळी गोष्ट. (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ३२ टक्के.) तेवढे पडले की मूल ‘पात्र’ होतं. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायला परवानगी. निवड झाली असा त्याचा अर्थ नाही. दर निकालाला पेढे घेऊन धावत येणारे आणि आठ दिवसांनी पडेल चेहऱ्यानं परत येणारे पालक मी पाहिले आहेत, केवळ या एका शब्दापायी.

मागच्या वर्षीचा आकडा तरी उपयोगी पडतो का? थोडा पडतो. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच गुण उतरतात, सोपा निघाला की चढतात. आमच्याकडे एका वर्षी जेवढ्या गुणांना मुलगा सुखानं बसला, पुढच्या वर्षी तेवढ्याच गुणांना त्याची चुलतबहीण यादीबाहेर राहिली. घर एक, प्रवर्ग एक, शिकवणारी मी एकच. म्हणून आकडा एका वर्षाचा धरू नका. तुमच्या जिल्ह्यातल्या, तुमच्या प्रवर्गातल्या शेवटच्या निवडलेल्या मुलाला किती होते, ते मागच्या तीन वर्षांचं शाळेकडून काढा. त्यातला सगळ्यांत वरचा आकडा भिंतीवर लावा.

आता तुमच्या मुलीचे गुण. तुम्ही तीन आकडे लिहिलेत, मी त्यातला फक्त ११२ वाचला. रागावू नका. परीक्षेच्या दिवशी अनोळखी शाळा असते, बाकाचा पाय हलत असतो, पहिला पेपर झाल्यावर बाहेर मैत्रिणी उत्तरं जुळवत बसतात, आणि दुसरा पेपर तोंड सुकलेल्या मुलीनं लिहायचा असतो. त्या दिवशी मूल आपल्या वरच्या आकड्यावर खेळत नाही, खालच्यावर खेळतं. माझ्या वहीत मी प्रत्येक मुलापुढे शेवटच्या दहा पेपरांतला सर्वांत कमी गुण लाल पेनानं लिहीत असे. बाराही वर्षं निकालाशी सगळ्यांत जवळ तोच गेला. वरचा आकडा पालकांना सांगायला बरा असतो, एवढंच.

शिवाय हे पेपर कुठले आणि कसे सोडवले? बाजारात मिळणारे सराव संच बरेचसे सोपे असतात, आणि का असतात हे उघड आहे: मुलाला गुण पडले की पुढचा संच खपतो. परिषदेचे मागच्या वर्षांचे खरे पेपर काढा. घड्याळ लावून सलग ९० मिनिटं. मध्ये उठून दार उघडणं नाही, मशीनवर दोरा ओवून देणं नाही. मग जेवण, आणि मग लगेच दुसरा पेपर. असा निदान पाच रविवारी तिला बसवा आणि मला आकडा कळवा.

आकडा कळवताना दोन वेगळे कळवा. बौद्धिकचा वेगळा, शालेयचा वेगळा. कारण सगळे क्लास बौद्धिकवर भर देतात. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, फासे, नातेसंबंध. मुलांनाही ते कोड्यासारखं आवडतं. पण दिवाळीपर्यंत त्यात जेवढं वाढायचं तेवढं वाढतं आणि मग गाडी थांबते. शालेयमध्ये विज्ञानाला ३५, समाजशास्त्राला ३५ आणि गणिताला २० गुण आहेत. मी गणिताची बाई असून सांगते, सगळ्यांत स्वस्तात मिळणारे गुण समाजशास्त्राचे. सातवी-आठवीचं इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचं पुस्तक ओळ न् ओळ वाचलेलं मूल तिथं सात-आठ गुण सहज ओढून आणतं. शेवटच्या महिन्यात ठोकळे मोजत बसण्यापेक्षा ते करा.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याही क्लासच्या पत्रकावर नसते. माझ्याकडे एक मुलगा होता, सरावात कधी १२५ च्या खाली न गेलेला. बौद्धिकच्या पेपरात ३७ वा प्रश्न त्याला आला नाही, म्हणून त्यानं सोडला. सोडला प्रश्नपत्रिकेवर. उत्तरपत्रिकेवर मात्र ३८ चं उत्तर ३७ च्या ओळीत रंगवलं. तिथून पुढं गाडी एक डबा मागं. ६२ व्या प्रश्नाला लक्षात आलं. बॉलपेननं रंगवलेला गोल पुसता येत नाही. पंचवीस प्रश्न, त्यातले नशिबानं जुळले असतील ते पाच-सहा. तो वर्गाबाहेर आला तेव्हा त्याच्या अंगठ्याला शाई लागली होती, थुंकी लावून गोल पुसायचा प्रयत्न केला होता त्यानं. निवड चार गुणांनी गेली. तेव्हापासून माझ्या तासाला नियम झाला: दर दहा प्रश्नांनी डावं बोट उत्तरपत्रिकेवर, उजवं प्रश्नपत्रिकेवर, आकडा मनात म्हणायचा, मगच पुढं.

तर ११२ ला मी ‘नक्की’ म्हणणार नाही आणि ‘सोडून द्या’ही म्हणणार नाही. रविवारचे पाच पेपर होऊ द्यात.

बाई, उत्तर येत नसेल तर सोडू का ठोकू? आमचे सर म्हणतात प्रामाणिकपणे सोडावं. दादा म्हणतो ठोक.
*– आठवीतला एक विद्यार्थी, चंदगड*

ठोक रे बाळा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. कोरा गोल म्हणजे पदरचे घालवणं. सरांचा प्रामाणिकपणा शेजारच्या बाकावर बघण्याबाबत लागू कर, तिथं तो फार कामाचा आहे.

पण ठोकून काय होतं ते नीट समजून घे. एका वर्षी मी वर्गात गंमत केली. ३८ मुलांना फक्त उत्तरपत्रिका वाटल्या, प्रश्नपत्रिका दिलीच नाही. म्हटलं, नव्वद गोल रंगवा, अंदाजपंचे दाहोदरसे. मुलांना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. मग मागच्या वर्षीच्या बौद्धिकच्या उत्तरसूचीवरून तपासलं. चार पर्याय, म्हणजे चारात एक बरोबर यायला हवं, नव्वदात बावीस-तेवीस. बहुतेक मुलं तिथंच आसपास होती. पण एका मुलाला ३१ पडले, तो आठवडाभर कॉलर ताठ करून फिरला. आणि वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीला पडले १४. ती रडायचीच बाकी होती. तिला समजवावं लागलं की अगं, ही तुझी परीक्षाच नव्हती.

आता हिशेब कर. दोन्ही पेपर डोळे मिटून रंगवले तरी १८० पैकी ४५ च्या आसपास पडतात. पात्रतेचे ७२. म्हणजे ‘पात्र झालो’ यात फुशारकी मारण्यासारखं किती आहे ते तूच ठरव.

सांगोल्याच्या ताई हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. ११२ गुण पडलेल्या मुलीला साधारण ९० प्रश्न खरे येत असतात, उरलेल्या ९० त नशिबाचे बावीस-तेवीस. हे नशिबाचे कधी चौदा पडतात, कधी तीस. म्हणजे तीच मुलगी, तेवढाच अभ्यास, आणि गुण १०४ सुद्धा किंवा १२० सुद्धा. यादीच्या कडेला एकेका गुणावर कितीतरी मुलं दाटीवाटीनं उभी असतात, तिथं हे आठ गुण म्हणजे आत की बाहेर. म्हणून कडेवर राहायचंच नाही. जिल्ह्याच्या वरच्या आकड्यापेक्षा दहा जास्त, सर्वांत वाईट रविवारी. तेवढं असेल तर मला पत्रसुद्धा लिहू नका, शिवणकाम करा.

आणि चंदगडकर, सगळंच ठोकू नकोस. चारातले दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं कळलं तरी खूप झालं. ते खोडून उरलेल्या दोनात ठोक. असे वीस प्रश्न असले तर पाचाऐवजी दहा बरोबर येतात. खोडण्याएवढा अभ्यास मात्र लागतो, ते दादाला विचार.

एक सावधगिरी. राज्याची आठवीची जी शिष्यवृत्ती परीक्षा होती, तिच्यात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही रंगवावे लागत. एनएमएमएसमध्ये तसं नाही. दोन्ही परीक्षांना बसणारी मुलं हमखास घोळ करायची. सूचना वाच, मग पेन उघड.

आमचं उत्पन्न अडीच लाख. मी रिक्षा चालवतो. मुलगा विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आहे, फी कर्ज काढून भरतो. शाळा म्हणते एनएमएमएसचा फॉर्म भरता येत नाही. आमची गरिबी ती गरिबी नाही का?
*– एक पालक, पिंपरी*

शाळा बरोबर सांगते, भाऊ. ही शिष्यवृत्ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना आहे. विनाअनुदानित नाही, केंद्रीय विद्यालय नाही, नवोदयसुद्धा नाही. योजना २००८ साली निघाली ती आठवीनंतर शाळा सोडणारी मुलं टिकावीत म्हणून, आणि ती गळती कुठल्या शाळांत होते याचा विचार करून चौकट आखली गेली. नियम आखताना फीसाठी कर्ज काढणारा रिक्षावाला कुणाच्या डोळ्यांपुढं नव्हता, हे मला मान्य आहे. पण नियम तो नियम. एवढ्यासाठी भर वर्षात मुलाची शाळा बदलू नका. असा एक बाप मी पाहिलाय. शिष्यवृत्ती राहिली बाजूला, पोराचं वर्ष विस्कटलं.

राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र तुमच्या शाळेतली मुलं बसू शकतात. त्याचं पुढच्या उत्तरात.

माझ्या वेळी चौथीला आणि सातवीला स्कॉलरशिप असे. मी चौथीला आलो होतो, तालुक्यात. मग पाचवी-आठवी झाली. आता नातू चौथीत आहे तर परत चौथीला आली म्हणतात. खरं काय? आणि नातवाला बसवू का? सूनबाई नको म्हणते.
*– एक आजोबा, कणकवली*

आजोबा, खरं आहे. चौथी-सातवीची परीक्षा पाचवी-आठवीला नेली होती, २०१७ पासून मुलं तशी बसत होती. २०२५ मध्ये शासनानं पुन्हा चौथी-सातवीचा निर्णय घेतला. फिरून तुमच्याच काळात आलो म्हणा. शिक्षकांनी मधल्या काळात दोनदा पुस्तकं बदलली, पण ते रडगाणं इथं नको.

विषय तुमच्या ओळखीचेच: प्रथम भाषा, गणित, बुद्धिमत्ता, आणि आता इंग्रजी. पैशांत मात्र फरक पडलाय. पूर्वी वर्षाला हजाराच्या आतबाहेर मिळायचे, तेवढ्यात दप्तर आलं तर आलं. २०२३ च्या निर्णयानं धाकट्या परीक्षेला महिना ५०० प्रमाणे दहा महिन्यांचे वर्षाला ५,००० आणि मोठ्या परीक्षेला ७,५०० झाले. इथं नुसतं पात्र होऊन पैसे मिळत नाहीत, गुणवत्ता यादीत यावं लागतं. प्रत्येक पेपरात ४० टक्के ही फक्त उंबऱ्याची पायरी.

बसवा की. पण सूनबाईंचंही ऐका. नऊ वर्षांचं पोर आहे. आपल्या कोकणात आणि आमच्या कोल्हापुराकडे या परीक्षेचं वेड काही ठिकाणी हाताबाहेर गेलंय, मुलं दिवस मावळल्यावर जादा तासाहून घरी येतात. रोज अर्धा तास, तोही तुम्ही स्वतः घ्या. उदाहरण सुटलं नाही तर ओरडायचं नाही. आणि तुम्ही तालुक्यात आला होतात हे त्याला निकाल लागेपर्यंत सांगू नका.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी अकरावीत आहे, पीएसएटी या इथल्या परीक्षेला १४८० पडले. इथं नॅशनल मेरिट नावाची शिष्यवृत्ती असते. आई तिकडून तुमचं सदर वाचून दाखवते, म्हणून विचारते, इतक्या गुणांना होईल का?
*– एक वाचक, अमेरिका*

तुमच्या आईंना माझा नमस्कार. मी तिकडची बाई नाही, पण भाचीचा मुलगा त्यातून गेला, तेव्हा फोनवर आमचा हिशेब झाला होता, तेवढं सांगते.

तुमच्याकडे जिल्ह्याऐवजी राज्य, बाकी तऱ्हा तीच. साधारण १६ हजार मुलं उपांत्य फेरीला घेतात आणि प्रत्येक राज्याचा उंबरठा वेगळा. न्यू जर्सीचा देशात सगळ्यांत उंच असणाऱ्यांपैकी. म्हणजे तुम्ही चुकीच्या जिल्ह्यात राहता म्हणायचं! आणि ते १४८० बघत नाहीत. भाषेच्या विभागाचे गुण दुप्पट, त्यात गणिताचे मिळवायचे, दहानं भागायचं. कमाल २२८. तुमच्या मुलीला भाषेत ७६० आणि गणितात ७२० असतील तर २२४ होतात. उलट असतील, भाषेत ७२० आणि गणितात ७६०, तर २२०. एकूण तेच १४८०, पण न्यू जर्सीत या चार गुणांचं मोल फार. आपली मराठी घरं मुलांना गणितात घासतात आणि भाषेला ‘येईल आपोआप’ म्हणतात, त्याचा फटका नेमका इथं बसतो. विभागवार गुण आईंकडून कळवा. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डाची अटही आधी वाचून घ्या.

मुलगी एनएमएमएसला पात्र झाली, १०९ गुण. निवड यादीत नाव नाही. शाळा म्हणते विषय संपला. आम्ही कुणबी आहोत. खरंच संपला का?
*– एक पालक, वाई*

नाही संपला. तुमच्यासाठीच हे पत्र शेवटी ठेवलं.

मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा या समाजांतल्या ज्या मुलांचं एनएमएमएसमध्ये पात्र होऊन निवड यादीत नाव येत नाही, त्यांना सारथी संस्थेकडून ‘छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती’ आहे. वर्षाला ९,६०० रुपये, नववी ते बारावी. अर्ज शाळेमार्फत जातो. मुख्याध्यापकांना हे माहीत नसेल तर हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवा आणि समोर बसा. पात्रतेचं गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. मुदत उलटू देऊ नका.

आणि ज्यांचं यादीत नाव आलंय त्यांनीही पेढे वाटून झोपू नये. यादीत नाव म्हणजे पैसे नव्हेत. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मुलाची नोंदणी करावी लागते. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. मग तो अर्ज आधी शाळेच्या पातळीवर पडताळला जातो, मग जिल्ह्याच्या. आणि हे दरवर्षी करायचं. नववी पहिल्या झटक्यात पास, दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५), नाहीतर अकरावीत शिष्यवृत्ती बंद.

आमच्या शाळेत ती पडताळणी माझ्याकडे होती. २०१९ ची गोष्ट. बारा मुलांचे अर्ज होते. अकरांवर मी बटण दाबलं. बाराव्या मुलीच्या वेळी नेट गेलं, म्हटलं उद्या करू. उद्या स्नेहसंमेलनाची तालीम निघाली. परवा मुदत संपली. मला आठवण झाली ती चौथ्या दिवशी, भाकरी थापताना, पीठ हातावर तसंच. पोर्टल उघडलं तर समोर नुसती लाल ओळ. पुण्याला फोन केले, जिल्ह्याला खेटे घातले, पत्र दिलं. त्या वर्षीचे बारा हजार गेले.

मुलीचे वडील उसाच्या टोळीवर होते. शाळेत आले, बाहेर चप्पल काढून उभे राहिले. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “बाई, मग दहावीला परत भरायचं का तेवढं सांगा.” मी पैसे देऊ केले, घेतले नाहीत.

ती मुलगी आता नर्सिंगला आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तिचा मेसेज येतो: “बाई, यंदाचं व्हेरिफाय केलं का?” मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हे तिला चांगलं माहीत आहे.